सभा उठली, वस्तू बसल्या : कोल्हापूरच्या टाऊन हॉलचं प्रकरण

कोल्हापूरच्या सीपीआर हॉस्पिटलात माणूस ॲडमिट असला की सोबतीला आलेल्यांना दुपार कुठं काढायची हा प्रश्न पडतो. वॉर्डात थांबू देत नाहीत, बाहेर ऊन रणरणत असतं. मग माणसं रस्ता ओलांडून टाऊन हॉलच्या बागेत येतात, जुन्या झाडांच्या सावलीत डबा सोडतात, भाकरी खातात, तिथंच अंग टाकतात. त्यातले काही जण पुढं उठून, निव्वळ वेळ घालवायला, त्या काळ्या दगडी इमारतीत शिरतात. कोल्हापूर वस्तुसंग्रहालयाचा हा प्रेक्षक मला फार आवडतो. तो ठरवून आलेला नसतो, त्यामुळं काय बघायचं हे त्याला कुणी आधी सांगितलेलं नसतं.

अशाच एका दुपारी राधानगरीकडच्या एक आजी माझ्या शेजारी येऊन थांबल्या. आम्ही दोघंही एका छोट्या कांस्यमूर्तीकडं बघत होतो. वीतभरही उंची नाही. दाढीवाला, उघडा, पिळदार पुरुष. एक हात वर धरलेला, त्यात कधीकाळी त्रिशूळ असावा, आता नाही.

"शंकर हाय काय?"

"नाही आजी. समुद्राचा देव आहे. ग्रीक लोकांचा. पोसायडन म्हणतात."

"मग हिकडं कसा आला?"

या प्रश्नाला दोन उत्तरं आहेत. रोमन काळातला देव पंचगंगेकाठी कसा आला, हे एक. ते लोकांना सांगायला मजा येते, म्हणून तेच नेहमी सांगितलं जातं. दुसरं म्हणजे पंचगंगेकाठचा तो देव या गॉथिक इमारतीत कसा आला. सभेसाठी बांधलेली वास्तू वस्तूंना दिली म्हणजे नेमकं काय होतं, हे त्यातून कळतं. मला मुख्यतः त्याबद्दल लिहायचं आहे.

इमारत बांधली तेव्हा

टाऊन हॉलचं बांधकाम १८७२ ते १८७६ या काळातलं. आराखडा मेजर चार्ल्स मँटचा. नवीन राजवाडाही त्याचाच, आणि समोरच्या हॉस्पिटलची जुनी इमारतही. काळा दगड, उतरती छपरं, टोकदार कमानी, वर चढत गेलेले निमुळते मनोरे. पुढं राजवाड्यात मँटनं देशी आणि विलायती शैलींची जी मुक्त सरमिसळ केली, तिचा इथं मागमूस नाही. टाऊन हॉल सरळसरळ विलायती आहे. इंग्लंडातल्या एखाद्या मध्यम गावात उचलून ठेवला तर फारसा खटकणार नाही. फक्त दगड आपला.

पण 'टाऊन हॉल' या नावाकडं जरा थांबून बघायला हवं. टाऊन हॉल म्हणजे नगराची बसण्याची जागा. १८७२ साली कोल्हापूरच्या नगराला बसून ठरवण्यासारखं काय होतं? नगरपालिका १८५४ पासून होती, हे खरं. पण संस्थानात हुकूम चालत होता तो इंग्रजांनी नेमलेल्या पोलिटिकल एजंटाचा. राजाराम महाराज विलायतेच्या प्रवासाहून परतताना ३० नोव्हेंबर १८७० रोजी फ्लॉरेन्सला वारले, जेमतेम विशीत. आर्नो नदीच्या काठी त्यांच्यावर अग्निसंस्कार झाले. तिथं आजही त्यांची छत्री उभी आहे आणि तिचा आराखडाही मँटचाच. म्हणजे एका राजाची इटलीतली समाधी आणि त्याच्यामागं त्याच्या गावात उभा राहिलेला टाऊन हॉल, दोन्ही कागद एकाच माणसाच्या टेबलावरून गेले.

राजाराम महाराजांमागं गादीवर दत्तक आले ते शिवाजी महाराज. हॉलचा पाया घातला तेव्हा त्यांचं वय नऊच्या आसपास, पूर्ण झाला तेव्हा तेरा. याच शिवाजी महाराजांच्या छळाबद्दल केसरी आणि मराठ्यानं दिवाण बर्व्यांवर तोफ डागली, त्यावरून अब्रुनुकसानीचा खटला उभा राहिला आणि १८८२ साली टिळक-आगरकर डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस बसले. महाराजांचा शेवट १८८३ च्या डिसेंबरात अहमदनगरला झाला, कोल्हापूरपासून लांब. ही गोष्ट शाळेत सगळ्यांनी वाचलेली असते. पण टाऊन हॉल त्याच कारभाराच्या काळातला आहे, हे दोन धागे एकत्र गुंफलेले मी फारसे ऐकले नाहीत. राजा अज्ञान, म्हणजे अल्पवयीन, कारभार परक्यांच्या सल्ल्यानं, आणि गावात उभी राहते ती नगराच्या सभेची देखणी वास्तू. नाव नगराचं, पण इथं कोण बसणार हे ठरवणारं नगर नव्हतं.

म्हणून 'लोकांची जागा होती, ती वस्तूंनी बळकावली' अशी हळहळ कुणी व्यक्त केली की मला ती पटत नाही. त्या काळच्या अशा हॉलमधल्या खुर्च्या दरबारी मंडळी, अधिकारी आणि मोजके प्रतिष्ठित यांच्यासाठी असायच्या. शाहूपूर्व कोल्हापुरातला चांभार, कुणबी, कोष्टी त्या टोकदार कमानीखाली हक्कानं जाऊन बसला असता, हे मला मनापुढं आणता येत नाही.

सभा दुसरीकडं गेली

मग गर्दी कुठं जमायला लागली? कोल्हापूरकर याचं उत्तर झोपेत देईल. शाहू महाराजांनी खासबागेचं कुस्तीमैदान बांधलं. त्याला लागून पॅलेस थिएटर, जे १९१५ साली सुरू झालं आणि पुढं केशवराव भोसल्यांच्या नावानं ओळखलं जाऊ लागलं. राजकीय सभांना पुढं बिंदू चौक मिळाला. विद्यार्थ्यांच्या बोर्डिंगांमुळं दसरा चौकाचा परिसर जागता झाला. कुस्ती, नाटक, भाषण, मोर्चा, गावाच्या प्रत्येक जमावाला त्याची त्याची जागा मिळाली आणि त्यातली एकही विलायती हॉलसारखी नव्हती. खासबागेत तर छप्परच नाही.

टाऊन हॉल या स्पर्धेत मागं पडला असावा, असा माझा अंदाज आहे. बागेच्या मधोमध, रस्त्यापासून आत, मोजक्या माणसांपुरता. रिकामा नसेल, पण त्याच्यावाचून कुणाचं अडत नव्हतं. इमारतींचा उपयोग बदलतो तो बहुधा अशाच वेळी. ती ज्यासाठी बांधली ते काम आधीच शेजारी सरकलेलं असतं, आणि कागदोपत्री बदल मागाहून येतो.

ब्रह्मपुरीचं भोक

आता दुसरा धागा. शहराच्या पश्चिमेला, पंचगंगेच्या काठी ब्रह्मपुरीची टेकडी आहे. आज तिथं घरं आहेत, बघायला जाल तर टेकडी म्हणावं असं काही डोळ्यांत भरत नाही. राजाराम कॉलेजात कन्नड शिकवणारे प्रा. के. जी. कुंदणगार यांचं या टेकडीकडं लक्ष होतं. कोल्हापूर संस्थान आणि उत्तर कर्नाटकातले शिलालेख त्यांनी गोळा करून छापले होते. शिलाहारांचे लेख वाचायचे तर कन्नड यावंच लागतं, त्यामुळं कोल्हापूरच्या इतिहासाचं दार कन्नडच्या प्राध्यापकानं उघडलं यात नवल नाही. आपल्याकडं सीमाप्रश्नाच्या धुरळ्यात हे विसरायला होतं, म्हणून मुद्दाम लिहिलं.

कुंदणगारांच्या प्रयत्नांतून ब्रह्मपुरीवर कांस्यवस्तूंचा मोठा साठा हाती लागला. त्यात पोसायडन, रोमन घाटाची सुरई, आरसे, एक कोरीव चकती, वर स्वार बसलेला लहानसा हत्ती. सगळं बाहेरून आलेलं नव्हे. काही वस्तू भूमध्य समुद्राकडच्या, काही इथल्याच कारागिराच्या हातच्या, आणि दोन्ही एकाच घरात. पाठोपाठ १९४५-४६ मध्ये पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे ह. धी. सांकलिया आणि मो. गं. दीक्षित यांनी शास्त्रीय उत्खनन केलं. सातवाहन काळातली विटांची घरं, मणी, भांडी, नाणी मिळाली. त्यावर खूप काळानं, बहामनी काळापर्यंतच्या वस्तीचे थर.

नाण्यांत धनुष्यबाणाचं चिन्ह असलेली कुर राजांची नाणी आहेत. 'रञो वासिठीपुतस विळिवायकुरस' असा त्यांवरचा मजकूर. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात टॉलेमीनं 'हिप्पोकुरा' या राजधानीचा राजा म्हणून 'बलेओकुरोस' असं नाव नोंदवलं आहे. रा. गो. भांडारकरांनी ते नाव विळिवायकुराशी जोडलं. म्हणजे अलेक्झांड्रियातल्या भूगोलकाराच्या कानावर कोल्हापूरकडच्या राजाचं नाव गेलं होतं, आणि तिकडच्या देवाची मूर्ती इकडच्या घरात होती. कोकणातल्या बंदरांत गलबतं लागत, तिथून माल घाट चढून वर येई. आजींच्या प्रश्नाचं पहिलं उत्तर एवढंच.

वस्तू निघाल्या की ठेवायच्या कुठं, हा तातडीचा प्रश्न असतो. खोदणाऱ्याला तो पहिल्याच दिवशी पडतो. म्हणून १९४६ साली ब्रह्मपुरीवरच संग्रहालय सुरू झालं. जिथं सापडलं तिथंच मांडलं. पुरातत्त्वाच्या दृष्टीनं याहून चांगली जागा नाही. खिडकीतून नदी दिसावी आणि कपाटात त्याच नदीकाठची दोन हजार वर्षांपूर्वीची सुरई असावी.

इथं एक योग आहे, त्यातून काही सिद्ध होत नाही, पण सांगितल्यावाचून राहवत नाही. संग्रहालय सुरू झालं तेव्हाही गादीवर अज्ञान राजा होता आणि त्याचंही नाव शिवाजी. १९४१ साली जन्मलेले हे बाळराजे १९४६ च्या सप्टेंबरात वारले. हॉल एका लहानग्या शिवाजीच्या काळातला, संग्रह दुसऱ्या लहानग्या शिवाजीच्या काळातला. दोघांपैकी एकालाही या दोन्ही गोष्टी नीट पाहायला वेळ मिळाला नाही.

१९४९

१ मार्च १९४९ रोजी कोल्हापूर संस्थान मुंबई प्रांतात विलीन झालं. विलीनीकरणाच्या राजकारणावर पुष्कळ लिहिलं गेलंय. पण त्या दिवसानंतर कारकुनांपुढं काय पडलं असेल याचा विचार करून बघा. एक अख्खा दरबार बंद झाला. त्याच्या कचेऱ्या, बागा, बंगले, हॉल, तोफा, चित्रं, दप्तरं, खुर्च्या. खाजगी कोणतं, सरकारी कोणतं? सरकारी ठरलं त्याचं करायचं काय?

त्याच वर्षी ब्रह्मपुरीचं संग्रहालय टाऊन हॉलमध्ये हललं. एकीकडं वास्तू होती आणि तिला काम नव्हतं. दुसरीकडं संग्रह होता आणि त्याला जागा पुरत नव्हती. कागदावर हा निर्णय इतका सरळ दिसतो की त्यात काही गमावलं जातंय हे कुणाला जाणवलं नसेल तर नवल नाही.

गमावलं ते असं. ब्रह्मपुरीवरचं संग्रहालय एका जागेचं होतं. टाऊन हॉलमध्ये आल्यावर ते जिल्ह्याचं झालं आणि मग त्यात सगळंच यायला लागलं. तलवारी, बंदुका, हस्तिदंत, चंदनकाम, जुनी भांडी, कागदपत्रं, आसपासच्या गावांतून आणलेली दगडी शिल्पं. बागेत तोफा. आणि कोल्हापूरच्या चित्रकारांची चित्रं. सातवाहनांची सलग गोष्ट होती, ती एका भल्यामोठ्या घरातला एक कप्पा होऊन बसली. पोसायडन उठून दिसतो, कारण तो विचित्र आहे. पण त्याच्या घरातली साधी भांडी, मणी, शिशाची नाणी यांच्यापुढं माणूस थांबत नाही. खरं तर त्या भांड्यांवाचून पोसायडनला काही अर्थ नाही.

मिळवलं तेही थोडं नाही. चित्रांचंच बघा. आबालाल रहिमान, दत्तोबा दळवी, बाबूराव पेंटर अशा मंडळींची कामं एका छताखाली बघायला मिळतात. आबालाल १९३१ साली गेले. शाहू महाराज गेल्यावर खचून जाऊन त्यांनी आपली ढिगानं चित्रं कोटीतीर्थाच्या तळ्यात बुडवली, असं कोल्हापुरात सांगतात. गोष्ट अक्षरशः खरी असो वा वाढवलेली, मागं उरलेलं त्यांचं प्रत्येक चित्र मोलाचं आहे. ब्रह्मपुरीच्या जागेत या चित्रांना वाव नव्हता. टाऊन हॉलमध्ये तो मिळाला.

हॉलला वस्तू कशा बसतात

प्रकरणाचा खरा पेच इथं आहे. सभेची इमारत बांधताना वास्तुकार काय बघतो? आवाज मागच्या रांगेपर्यंत जावा, हवा खेळावी, उजेड भरपूर यावा, माणसांची ये-जा मोठ्या दारांतून सहज व्हावी. मधला भाग मोकळा हवा, छत उंच हवं. संग्रहालयाला नेमकं उलटं लागतं. भिंती सलग लागतात, कारण चित्रं आणि कपाटं भिंतीला लागतात. खिडक्या कमी लागतात. हवा स्थिर लागते.

जलरंगाचं चित्र घ्या. त्याच्यावर पडलेला प्रत्येक तासाचा उजेड वजा होत जातो, रंग एकदा उडाला की परत आणता येत नाही. मँटच्या टोकदार खिडक्या सभेला उजेड द्यायला केलेल्या. त्यातून आलेली दुपारची तिरीप बघायला सुंदर असते आणि कागदावरच्या रंगाचा घात करते. पडदा लावावा तर इमारत आंधळी होते, न लावावा तर चित्र जातं.

कांस्याची तऱ्हा वेगळी. शतकानुशतकं मातीत राहिलेल्या कांस्यात क्लोराइडचे क्षार बसलेले असतात. हवा दमट झाली की ते जागे होतात आणि धातूवर फिकट हिरवी भुकटी सुटायला लागते. याला कांस्यरोग म्हणतात. तो थोपवायचा तर हवेतली आर्द्रता चाळीस टक्क्यांच्या आसपास किंवा खाली ठेवावी लागते. कोल्हापुरात जून ते सप्टेंबर काय होतं हे वाळत घातलेल्या कपड्यांना विचारा. वर उंच छताचा, हवा खेळती ठेवणारा हॉल. तो सगळा कोरडा ठेवणं व्यवहारात शक्य नाही. त्यामुळं उपाय उरतो तो कपाटापुरता. कपाट घट्ट करायचं, आत ओल शोषणारे खडे ठेवायचे आणि ते वेळच्या वेळी बदलायचे. जुन्या वास्तूतल्या संग्रहालयाचं खरं काम हे असं असतं, ते कुणाला दिसत नाही आणि त्याचा फोटोही येत नाही. बाहेर मांडलेल्या दगडी शिल्पांवर पावसाळ्यात शेवाळ धरतं, ते नुसतं खरवडून चालत नाही, त्याबरोबर दगडाचा पापुद्राही जातो.

मुंबईचं भाऊ दाजी लाड संग्रहालय मे १८७२ मध्ये उघडलं, टाऊन हॉलचं काम निघालं त्याच साली. ते पहिल्यापासून संग्रहालय म्हणून बांधलेलं. दोन्हीकडं एकदा पाठोपाठ जाऊन या. तिकडं इमारत आणि वस्तू एकमेकांना ओळखतात. इकडं दोघं एका घरात राहतात, बोलत नाहीत.

याच गावात तुलनेला दुसरं उदाहरणही आहे. मँटचाच नवीन राजवाडा, ज्यात १९७४ पासून शहाजी छत्रपती संग्रहालय आहे. तिथं पेंढा भरलेले वाघ आहेत, दरबार हॉल आहे, आणि सहलीच्या बसगाड्या तिकडं वळतात. तिथली वस्तू त्याच घरातली असल्यामुळं प्रेक्षकाला वेगळं काही समजावावं लागत नाही. टाऊन हॉलला हा फायदा नाही. टाऊन हॉलच्या वस्तू कुठूनतरी आणलेल्या आहेत आणि टाऊन हॉलची स्वतःची गोष्ट त्या वस्तूंत नाही.

मला बदल सुचवायचाच झाला तर एकच. मधल्या हॉलचा थोडा भाग मोकळा करावा. कपाट नको, चौथरा नको. चार बाकं टाकावीत आणि भिंतीवर या इमारतीचाच इतिहास मांडावा. फ्लॉरेन्सची छत्री, अज्ञान राजा, बर्वे खटला, मँट, विलीनीकरण. सगळ्यात मोठी वस्तू ही इमारत आहे, आणि लोक तिच्या पोटात उभं राहून दुसऱ्याच गोष्टी बघतात.

८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री केशवराव भोसले नाट्यगृहाला आग लागली तेव्हा अख्खं कोल्हापूर हळहळलं. लोक रस्त्यावर उभे राहून रडले. टाऊन हॉलसाठी असं रडू येईल का, हा प्रश्न मी स्वतःला विचारला. बहुधा नाही. केशवरावमध्ये आपण बसलो, हसलो, शिट्ट्या मारल्या. टाऊन हॉलमध्ये आपण हात मागं बांधून चालतो.

तरीही त्र्याहत्तर वर्षं सभा ज्यांना आत बोलावेल अशी खात्री नव्हती, त्यांना वस्तूंनी आत घेतलं, हेही तितकंच खरं. तिकीट काढलं की आत. ओळखपाळख लागत नाही. डबा घेऊन आलेल्या माणसालाही.

त्या दिवशी आजी पोसायडनपुढून हलल्या, थोडं पुढं जाऊन त्यांनी मान वर करून छत बघितलं. बराच वेळ.

"एवढा मोठा हॉल. हितं आदी लग्नं व्हायची व्हय?"

"लग्नं नाही आजी, सभा व्हायच्या."

"कुणाच्या?"

मी सांगायला तोंड उघडलं तोवर त्यांच्या कमरेच्या पिशवीतला फोन वाजला. वॉर्डातून बोलावणं होतं, डॉक्टर राउंडला आले होते. त्या पदर सावरत दाराकडं निघाल्या.